ओवळीखालची जागा

शाणूमामाबद्दल लिहायचं तर आधी माझा एक अपराध सांगावा लागेल. तो अज्ञानातून झाला असता तर मी इतका खालमानेने लिहीत बसलो नसतो. मला सगळं ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. माझा अपराध एवढाच, पण शाणूमामा कोण ते कळल्याशिवाय त्याचं वजन कळणार नाही.

शाणूमामा खाजं कानाने पारखतो.

ज्यांनी आमच्याकडची जत्रा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाजं म्हणजे बेसनाच्या बोटभर लांब तळलेल्या काड्या, आल्याच्या गुळात घोळवून सुकवलेल्या. डिचोली-पेडण्याकडे जत्रेला गेलेला माणूस देवाला नारळ द्यायचा विसरेल, पण खाजं घेतल्याशिवाय घरी येणार नाही. आला तर त्याला दारातच विचारतील, "मगे गेलोलस कित्याक?"

तर हा शाणूमामा ताटातली एक काडी उचलतो, कानाजवळ नेतो, डोळे मिटतो आणि मोडतो. कट्‌ असा आवाज आला की माल तयार. नुसतंच मऊ काहीतरी ऐकू आलं तर ताट परत उन्हात. "खाजां कानान बघूचां," तो सांगतो, "डोळे फसवतत." एकदा त्याच्या कानात मळ साचून दडा बसला होता, तर पठ्ठ्याने चार दिवस खाजं केलं नाही. डॉक्टरने कान साफ करून दिल्यावर त्याने खिशातून काडी काढून दवाखान्यातच मोडून पाहिली.

त्याचा बाप सिंधुदुर्गातून इकडे गोव्यात आला आणि सर्वणला घर बांधून राहिला. बापही खाजेकारच. शाणूमामाचं लग्न झालं नाही. का झालं नाही, याच्या गावात तीन कथा आहेत आणि तिन्ही तोच सांगतो. वय सत्तरीच्या पुढे, उंची बेताची, खांद्यावर पंचा, आणि तोंडी एकच शब्द: "सुकांदे."

सुकू दे. खाज्याला लागू पडतं ते जगातल्या सगळ्याला लागू पडतं असं त्याचं मत. दोन शेजारी बांधावरून भांडून तावातावाने त्याच्याकडे आले, की "सुकांदे." कुणाच्या मुलीला स्थळ आलं, की "सुकांदे." पंचायतीच्या निवडणुकीत उमेदवार हात जोडून दारात उभा राहिला, तर त्यालाही "सुकांदे." तो बिचारा मत मिळालं की गेलं याचा विचार करत पुढच्या घरी गेला. यामागचं शास्त्र त्याने मला एकदा समजावलं होतं. "मास्तर, गरम असताना काय्येक बांधू नये. गरम बांधलां तर घाम येता. घाम इलो की मऊ पडता. मऊ पडलां की संपलां."

मी मास्तर नव्हे, डिचोलीच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवतो. पण शाणूमामाच्या लेखी खडू हातात धरणारा प्रत्येक जण मास्तर.

आमच्याकडे शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक प्रकल्प असतो. गटागटाने परिसरातला एखादा छोटा व्यावसायिक निवडायचा आणि त्याचा धंदा वाढवायला मदत करायची. मी पाच मुलांचा एक गट शाणूमामाकडे नेला. गटाची पुढारी तन्वी, पाळी गावातली मुलगी. खाण बंद पडल्यापासून तिच्या वडिलांचा ट्रक घराशेजारी उभा होता आणि त्याच्या हौद्यात आई मिरच्या वाळत घालायची. बंद पडलेला धंदा रोज खिडकीतून दिसत असल्यामुळे असेल, पण धंदा चालवायचा म्हणजे चालवायचाच, अशी तिची जिद्द होती.

पहिल्या दिवशी मुलांनी प्रश्नावली काढली.

"मामा, तुमचे ग्राहक कोण?"

"जेच्या तोंडात दात आसत तो."

"स्पर्धक कोण?"

"रस-ऑम्लेटचो गाडो." जरा विचार करून, "आणि दातांचो डॉक्टर."

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"हयच. जत्रेत, ओवळीखाली."

तन्वीने वहीत लिहिलं, 'दूरदृष्टीचा अभाव'. मी ते वाचलं आणि बरोबरची खूण केली.

पहिल्याच आठवड्यात मुलांनी सुंदर पाकिटं छापून आणली. त्यावर हसऱ्या तोंडाची खाज्याची काडी. उत्साहाच्या भरात त्यांनी ताटातलं ताजं खाजं भराभर भरून पाकिटांची तोंडं बंद केली. शाणूमामा दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिला, बोलला एकदाच, "सुकांदे." कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी पाकिटांना आतून घाम फुटला होता आणि खाज्याची केरसुणी झाली होती. तन्वी रडवेली झाली. शाणूमामाने एक पाकीट फोडलं, मऊ काडी गंभीरपणे कानाशी नेऊन वाकवली आणि म्हणाला, "ह्यां बोलणा नाय. रुसलां."

मुलं हसली, आणि तेव्हापासून त्याची झाली. त्याला तेच हसरं चित्र असलेली टोपी दिली तर ती त्याने डोक्याला पंचा गुंडाळून त्यावरून घातली. मोबाइलवर पैसे घ्यायची पाटी दिली तर ती देवाच्या तसबिरीशेजारी लावून रोज तिलाही फूल वाहू लागला. पाकिटं गार झाल्यावरच भरायची हे मुलं शिकली. आजूबाजूच्या दुकानांत ती जाऊ लागली. खरोखर धंदा वाढत होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मुलांनी काही वाईट केलं असं कुणाला वाटू नये.

राहिली जत्रा.

आमच्या गावच्या जत्रेत शाणूमामा बसतो ती जागा देवळाच्या मागे, विहिरीपाशी. तिथे एक जुनी बकुळ आहे, तिला इकडे ओवळ म्हणतात. उजेड कमी, वर्दळ कमी. मुद्दाम वळसा घालून जावं तेव्हा ती जागा सापडते. मुलांनी देवळाचा नकाशा काढला, गर्दी कुठून कुठे वाहते याचे बाण दाखवले, आणि सिद्ध केलं की सगळ्या जत्रेत धंद्याला याहून वाईट जागा नाही. चांगली जागा कमानीच्या डाव्या हाताला. तिथून प्रत्येक माणूस दोनदा जातो.

"मामा, तुम्ही तिथेच का बसता?" तन्वीने विचारलं.

"लोक थय येतत."

"पण तिथे तर कमी लोक येतात!"

 शाणूमामाने माझ्याकडे पाहिलं. तू सांग, असं ते पाहणं होतं.

आणि मी सांगू शकत होतो. आमच्या गावात प्रत्येक आई जत्रेला निघताना मुलांच्या हाताला धरून एकच वाक्य सांगायची, "हरवलास तर ओवळीखाली शाणूकडे जावन उभो रव." मला माझ्या आईने दरवर्षी सांगितलं होतं. सहा वर्षांचा असताना मी खरोखर हरवलो आणि तिथे जाऊन उभा राहिलो. तेव्हा शाणूमामा बापाशेजारी बसायचा, तरणाताठा. त्याने माझं नाव विचारलं नाही. म्हणाला, "तुमच्यात खाजां कितक्या घेतत रे?"

मी हुंदके देत म्हणालो, "पाव किलो. बाबा म्हणतात महाग आहे."

"हां, म्हणजे पोस्तमनाचो झिल," तो बापाला म्हणाला, आणि मला हातात एक काडी देऊन पोत्यावर बसवलं. बाबा पोस्टमन होते.

त्याची ही पद्धत आजही तीच. माणसं तो खाज्यावरून ओळखतो. कोण कडक नेतं, कोण आलं जास्त मागतं, कोण मूठभर वर घाल म्हणतं. एकदा पाळीचा एक गृहस्थ थोडी जास्त घेऊन स्वतःचं घर विसरला, तर शाणूमामाने विचारलं, "खाजां घरी नेल्यार बायल काय म्हणता?" तो म्हणाला, "म्हणता, माझे दात मोडूचे आसत काय तुका?" शाणूमामाने लगेच त्याची वाडी आणि घर सांगितलं. आणखी एक जण बायकोला चुकवून ओवळीआड उभा होता. त्याला शाणूमामा म्हणाला, "हरवलेल्यानी फुकट उभ्या रवाचां. लपलेल्यानी खाजां इकत घेवचां."

हे सगळं मला त्या क्षणी सांगता आलं असतं. पण नकाशा फार सुरेख झाला होता. बाहेरचे परीक्षक जत्रेत येऊन स्टॉल बघणार होते. आणि मनात म्हटलं, आता सहा वर्षांच्या पोरालाही बापाचा नंबर पाठ असतो, हरवतंय कोण? मी मुलांना म्हणालो, "जुनी वहिवाट आहे. भावनिक कारण."

तन्वीने तसं लिहून घेतलं. शाणूमामाने पंच्याने हात पुसले. मग म्हणाला, "मास्तर सांगता म्हणजे काय तरी असतलां."

देवस्थानच्या समितीकडे शब्द टाकून कमानीजवळची जागा मीच मिळवली.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीलाच आमचे अर्धे डबे रिकामे झाले. परीक्षक आले, खाजं खाऊन, मान हलवून गेले. एकच अडचण होती. शाणूमामा जागेवर टिकत नव्हता. दर पंधरा-वीस मिनिटांनी पंचा सावरत उठायचा, "पाणी पिवन येतंय," आणि गर्दीत नाहीसा व्हायचा.

"सर," तन्वी माझ्या कानाशी लागली, "मामांना शुगर आहे का हो?"

मी म्हटलं, वय झालं.

तेवढ्यात आईला दर्शनाला घेऊन गेलेली माझी बायको आली, एकटीच. 

"आई कुठाय?" मी विचारलं.

"हात धरला होता हो मी. पालखी आली, लोटालोट झाली, हातात नुसतं त्यांच्या शालीचं टोक राहिलं. तुमच्याकडे नाही आल्या?"

आई एकोणऐंशी वर्षांची. गेली दोन वर्षं ती थोडी थोडी मागे जात होती. आमच्या नव्या घराचा रस्ता विसरली, सुनेचं नाव विसरली, मोबाइल म्हणजे काय ते विसरली. त्या गर्दीत मोबाइल असता तरी उपयोग नव्हता. रेंज कधीच गेली होती. माझ्या हातातल्या फोनवर नुसतं चक्र फिरत होतं.

मी मांडवात धावलो. फुगेवाल्यांत, पाळण्यापाशी, चपलांच्या ढिगापाशी. समितीच्या माणसाने माइकवर पुकारलं, "नऊवारी लुगडं नेसलेली एक वृद्ध स्त्री हरवलेली आहे," आणि त्याच दमात, "कमानीसमोर लावलेली निळी स्कूटर मालकाने ताबडतोब काढावी." मी बाहेरच्या रस्त्यापर्यंत जाऊन आलो. देवळाच्या तळीच्या पायऱ्यांवर उभा राहून पाण्याकडे पाहिलं. त्या वेळी मनात काय आलं ते लिहीत नाही.

एका जागी तेवढा मी गेलो नाही. हरवलेल्याने उभं राहायची जागा मीच उठवून कमानीकडे आणली होती, तेव्हा आता ती कमानीकडेच आहे, असं माझ्या डोक्याने धरलं होतं. मी पुन्हा पुन्हा कमानीपाशी येऊन आई आली का, असं विचारत होतो.

चौथ्यांदा आलो तेव्हा तन्वी एकटी गिऱ्हाइकांना तोंड देत होती. "सर, मामा पाणी प्यायला गेलेत ते अर्धा तास झाला. एवढा वेळ कधी लागत नाही."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी देवळाला वळसा घालून मागे धावलो.

ओवळीखाली अंधारात पालथ्या डब्यावर शाणूमामा बसला होता. हसऱ्या खाज्याची टोपी त्याने डोक्यावरून काढून मांडीवर ठेवली होती. शेजारी पोत्यावर आई. तिला दात नाहीत, म्हणून तो खाज्यावरचा आल्याचा गूळ नखाने सोलून सोलून तिच्या तळहातावर ठेवत होता आणि ती चघळत होती. दोघांचं निवांत चाललं होतं.

"घरी जाऊया म्हणतंय मी," शाणूमामा तिला म्हणत होता, "तुमचां घर माका ठावक आसा. पाव किलो. पोस्तमनाचां."

"नको. मी खय हरवलंय?" आई ठामपणे म्हणाली. "तो हरवलो. झिल माझो. येतलो हयच. तेका सांगून ठेवलला आसा मियां, हरवलास तर ओवळीखाली शाणूकडे उभो रव."

मी पुढे झालो. आईने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि शाणूमामाला म्हणाली, "बघ. इलो काय नाय?" मग माझा हात असा घट्ट धरला की दुखायला लागला.

मला बोलायचं होतं. "शाणूमामा, मी..." एवढं म्हटलं. त्याने पंचा झटकला.

"सुकांदे, मास्तर. आत्ता तू गरम आसस."

मी त्याचे आभार मानले. आभार सोपे असतात, त्यात आपलं काही जात नाही. मी माफी मागितली नाही.

पुढे प्रकल्प सादर झाला. मुलांना उत्तम गुण मिळाले. त्याआधी तन्वी माझ्या खोलीत आली होती. "सर, तुमच्या आईचं... म्हणजे ती जागा का होती, ते अहवालात लिहायचं ना?"

"त्याची गरज नाही," मी म्हणालो. "विषयाला सोडून होईल."

 जागेचा प्रश्न निघाला तेव्हा शाणूमामाने माझ्याकडे पाहिलं होतं तसंच तिने पाहिलं आणि दार हलकेच ओढून घेतलं.

ते वर्ष मी सर्वणच्या रस्त्याने गेलो नाही. डिचोलीहून घरी यायला तो जवळचा रस्ता, तरी लांबचा धरला. बायको विचारायची, "इकडून का?" मी म्हणायचो, खड्डे आहेत. त्या रस्त्याला खड्डे नव्हते. पावसाळ्यात आई गेली. तिच्या तेराव्याला शाणूमामा आला, कोपऱ्यात बसला, जेवला, जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेला. त्या वेळीही मी बोललो नाही.

पुन्हा जत्रा चार दिवसांवर आली तेव्हा एका दुपारी शाणूमामाच्या घरी गेलो. अंगणात ताटं उन्हात मांडलेली, ओसरीवर तो एकटा. घरात दुसरं माणूस नाही, तरी ओसरीवर चार पाट मांडलेले होते. कधी कुणी आलं तर असावेत म्हणून, तो म्हणाला. पाटांवर धूळ नव्हती.

"तन्वी येवन गेली," त्याने सांगितलं. ती आता एका दुकानात कामाला होती. "म्हणता, कमानीकडे पाकिटां घेवन ती बसतली. मी ओवळीखाली. म्हटलंय, बस गो बाय. धंदो वाढूक होयोच."

मी विचारलं, "मामा, गेल्या वर्षी दर पंधरा मिनिटांनी उठून मागे जात होतात. गिऱ्हाईक सोडून. मला एका शब्दाने सांगितलं का नाही?"

तो ताटातल्या काड्या उलट्या करत राहिला.

"तुका ठावक होतां मा," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग, माझ्याकडे न बघता, "मास्तर, वर्साचे बाकीचे दिस माका सोदूक कोण येता? कोण नाय. त्या एका दिसा माणसां माझ्याकडे धावत येतत. बापूस धावता, आवय धावता. माझ्याकडे बघून रडतत, हसतत. खाज्यासाठी तसां कोण धावणा नाय."

त्याने एक काडी उचलली, कानाजवळ नेली, डोळे मिटले.

कट्‌.

"सुकलां," तो म्हणाला, आणि मोडलेला अर्धा तुकडा माझ्या हातात ठेवला. "हां. आता सांग."

घरून निघताना मी बरंच काही जुळवून आणलं होतं. नकाशा, परीक्षक, मोबाइल, बदललेला काळ. त्यातलं एकही वाक्य मला वापरता आलं नाही. मी पाटावर बसलो आणि म्हणालो, "शाणूमामा, ती जागा कशाची आहे ते मला माहीत होतं. मुलांना माहीत नव्हतं, मला होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी बोललो नाही. नंतर वर्षभरही बोललो नाही. मला माफ करा."